पाचवं रीळ

"आबा, ते फिल्मचे डबे आज घराबाहेर गेले पाहिजेत. आंबूस वासानं डोकं उठलंय माझं!" सुनेनं ओढणी नाकाला लावूनच फर्मान काढलं.

"वास एकाच डब्याचा असणार. बाकीच्या सातांनी काय घोडं मारलंय?"

"मग तो एक हुडका. जेवणाच्या आत. नाहीतर आठही भंगारात."

आबा पंखे दुरुस्त करायचे. त्याआधी तीस वर्षं थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलं. थिएटर मोडलं तेव्हा मालकानं टाकून दिलेला आठ रिळांचा एक साहसपट त्यांनी खांद्यावर घालून घरी आणला. त्यातला नायक कोण, हे आज कुणाच्या बापाला ठाऊक नाही. मगर लाकडाची, तिला ओढणारी दोरी पडद्यावर ढळढळीत दिसायची. पण कड्यावरून माणूस पडायचा तो खरंच पडायचा. बाहुलं नाही, काही नाही. आबांचा जीव तिथंच अडकलेला. तो कडा पाचव्या रिळात.

फरशीवर मांडी घालून आबांनी एकेक डबा हुंगायला घेतला. पहिले तीन ठणठणीत. चौथा जरासा आंबट. पाचवा मात्र त्यांनी जिवापाड जपलेला; धूळ जाऊ नये म्हणून झाकणाला चौफेर चिकटपट्टी मारलेली. पट्टी सोलली, झाकण उचकटलं, तसं डोळ्यांतून पाणीच आलं. आतल्या फिल्मचे वेढे वाळल्या सालीसारखे मुरडून एकमेकांना चिकटले होते. स्वतःच्याच कोंडलेल्या आंबट वाफेत रीळ सडलं होतं.

"काय गाढव मी! फिल्मला वारा लागतो हे नव्या ऑपरेटरांना ओरडून शिकवलं, आणि घरी स्वतःच तिचा गळा आवळला."

सून दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज उतरला होता. "धुऊन, पुसून नाही होणार?"

"नाही. आणि ही ठेवली तर चौथ्यालाही लागण होणार. झालीच आहे थोडी."

आबांनी डबा उचलून तिच्या हातात दिला. "जा, भंगारात घाल. बाकीच्यांची झाकणं सैल करून खिडकीपाशी ठेवतो."

"पण मधलंच गेलं तर सिनेमा कळायचा कसा?"

"कळतो की. चौथ्यात तो कड्यावर उभा असतो, सहाव्यात लंगडत येतो. मधे काय झालं ते बघणाऱ्याला सांगावं लागत नाही."

खाली शेजारीण पंख्यासाठी हाका मारत होती. आबांनी हात पुसले आणि ते स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले.