ग्रिल गेलं उडत!

मटणाचे चाप खाताना ताटाच्या कडंला हाडं कशी साठत जात्यात, तसे आमच्या गच्चीवरचे किस्से साठलेत. एक चोखून ठिवला की दुसरा हातात! आता बास म्हणणाऱ्याला आम्ही जिन्यातूनच परत पाठवतो.

गच्ची आमची, उदगीरची. टोळी तिघींची. मी पिंकी, दहावीत सायन्स अन् गणित दोन्हीत गचकलेली. दुसरी अस्मा, शेजारची. तिच्या अब्बांचं मटणाचं दुकान हाय. तिसरी भाग्या, पक्की लिंगायत, अंड्याला सुद्धा हात न लावणारी. "मग तू गच्चीवर कशाला येतीस ग?" म्हणलं की म्हणती, "वास घ्यायला. वास काय पोटात जातोय का?"

अन् तिघींच्या उरावर तात्या! माझ्या बाबांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द फायनल. एकदा नांदेडला कुणाच्या तरी पार्टीत त्यांनी ग्रिलवरचे रिब्ज खाल्ले, तवापासून घरात दुसरा विषय न्हाई. "रिब्जला ग्रिल लागतंय, ग्रिल! ही एवढी कोळशाची शेगडी! घरच्या गॅसवर फक्त चहा होतोय."

मला जायचंय लातूरला. मावशीकडं राहायचं, केटरिंगचा क्लास करायचा, मग स्वतःचं हॉटेल टाकायचं. तात्यांचं म्हणणं, चाकूरला मामाच्या पिठाच्या गिरणीवर बस अन् ज्वारी दळ. मी म्हणलं, "न्हाई जायची."

"बरं," तात्या म्हणले. "ग्रिल नसताना, ह्या घरात, माझ्या तोंडात विरघळतील असले चाप करून दाखव. दिवाळीपर्यंत. जमलं तर लातूर. न्हाई जमलं तर गुपचूप गिरणी."

"लागली!"

आता तात्यांचं तोंड म्हंजे काय, तर सगळी कवळी. नवीन बसवलेली, टोचती म्हणून दिवसभर डबीत. फक्त जेवायच्या टायमाला तोंडात. कवळी नसली की त्यांचा 'स' गायब. साखरेची शाखर, सायकलची शायकल!

* * *

पहिल्याच दिवशी मोबाईलवर व्हिडिओ बघितला अन् ऐटीत दुकानात गेले. अस्माच्या अब्बांना म्हणलं, "चाचा, एक किलो रिब्ज."

चाचांचा सुरा हवेतच थांबला. "रिबन होना? वो बाजू के कटलरी में मिलती ना बेटा. लाल होना की पिवली?"

मागून अस्मा वरडली, "अब्बा, चाप! चाप बोल रही वो!"

"तो चाप बोलो ना! अंग्रेजी बोल के बकरे को कायकू डराते?"

पण माणूस दिलदार. बरगडीची पट्टी लांबच्या लांब ठिवली, तुकडे केले न्हाईत. हाडाच्या आतल्या अंगाचा पातळ पडदा बी ओढून काढून दिला. "ये रह गया तो चबाते बैठना पडता," म्हणले.

ती पट्टी मी डायरेक्ट तव्यावर टाकली. वरून काळी, आतून रबर! बाबांनी एक चाप दातात धरून ओढला, हात सटकला अन् चाप गेला भिंतीवर.

तात्या म्हणले, "गिरणीचा पट्टा इथंच बनवून नेतीस का ग?"

राहिलेले चाप गल्लीतल्या मोत्याला टाकले. त्यानं एक तोंडात धरला अन् टेम्पोखाली जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला वरडून राहिला, "ए, ह्या कुत्र्यानं कुणाची चप्पल पळवली बघा की!"

* * *

अस्मा म्हणली, मटण मऊ करायला कच्ची पपई लावत्यात. आता गल्लीत पपईचं झाड एकच, आमच्या सायन्सच्या सरांच्या अंगणात. ह्याच सरांनी मला भर वर्गात म्हणलं होतं, "तुला एन्झाईम ह्या जन्मात कळायचं न्हाई."

म्हंजे पपई तिथलीच पायजेल! भाग्या गेटपाशी राखणीला, मी झाडावर.

व्हिडिओत सांगितलं होतं, एक चमचा लावा. मी म्हणलं, एका चमच्यानं मऊ होतंय तर अख्ख्या पपईनं किती होईल! लावली सगळी अन् ठिवलं रात्रभर मुरत. सकाळी झाकण काढलं तर हाडं एकीकडं अन् मटणाचा चिखल एकीकडं. आईनं कपाळाला हात लावला.

मी हाडं गुपचूप उचलली. चिखलात कांदा-मिरची टाकून चांगलं परतलं. बाबांनी दोनदा मागून खाल्लं. "आज खिमा लई भारी झालाय!"

संध्याकाळी रस्त्यात सर भेटले. "काय ग, आमची पपई कुणी नेली म्हाईत हाय का?"

"सर, मला एन्झाईम कळलं!" म्हणलं अन् सायकलवर टांग मारली.

* * *

मग अक्कल आली. आधी वाफेवर शिजवायचं, मग भाजायचं. कुकरच्या तळाला थोडं पाणी, त्यात जाळी, जाळीवर चाप. छोटा गॅस अन् कुकर दोन्ही गच्चीवर नेलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक काकू राहतेत. त्या रविवारी भाताचा कुकर लावून टीव्हीपुढं बसत्यात अन् तिथूनच शिट्ट्या मोजत्यात. वर आमच्या कुकरनं शिट्टी मारली की खाली काकूंनी बोट दुमडायचं! काकूंनी गॅस बंद केला, झाकण काढलं, तर भात टणक.

काका कुकर घेऊन दुकानात. दुकानदार म्हणला, "ह्याला काय बी झालेलं न्हाई." काकांनी रिंग बदलली, शिट्टी बदलली. पुढच्या रविवारी परत भात कच्चा! काका म्हणले, "आता मलाच बदल."

त्याच्या पुढच्या रविवारी काकू झारा घेऊन थेट गच्चीवर. "ह्या शिट्ट्या तुमच्या होय ग भवान्यांनो?"

मी म्हणलं, "काकू, तुम्ही आमच्या शिट्ट्या फुकट मोजल्या. आम्ही काय म्हणलं का?"

* * *

चाप बरे व्हायला लागले. पण तात्या म्हणले, "ह्याला धुराचा वास कुठंय? ग्रिल ते ग्रिल!"

असं होय? धुरी द्यायला निखारा पायजेल. कोपऱ्यावर इस्त्रीवाले दादा कोळशाची इस्त्री चालवतेत. भाग्या गेली, गोड बोलली अन् इस्त्रीतला एक लालभडक निखारा वाटीत घेऊन आली. वाटी पातेल्यात चापांच्या मधी ठिवली, निखाऱ्यावर तुपाची धार सोडली, वर झाकण. काय धूर कोंडला म्हणता! झाकण काढल्यावर भाग्यानं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. "झालं. पास."

पण भाग्या पडली सज्जन! "उसनं आणलंय, परत द्यावं लागतंय." अन् तो तूप प्यालेला, चरबी लागलेला निखारा तिनं नेऊन परत इस्त्रीत टाकला.

त्या इस्त्रीखाली पुढचा शर्ट कुणाचा? भाग्याच्या आप्पांचा! पांढरा फेक, मठात जाताना घालायचा.

आप्पा मठाकडं निघाले. मागं मोत्या. मोत्याच्या मागं अजून दोन कुत्री. आप्पा हाड् म्हणत्यात, कुत्री शेपूट हलवत्यात. मठाच्या दारापर्यंत सगळी वरात गेली.

घरी येऊन आप्पा भाग्याच्या आईला म्हणले, "काय की बाई, आज कुत्र्यांना लई भक्ती आली!"

भाग्या त्या दिवशी जेवलीच न्हाई. हसूनच पोट भरलं म्हणती.

* * *

दिवाळीच्या आधीचा शेवटचा रविवार. मामाचा सकाळीच फोन आला होता, "पोरीची बॅग भरली का?" मी सरळ दुकानात गेले.

चाचांनी न सांगता पडदा काढून लांब पट्टी दिली. दही, आलं-लसूण, काळा मसाला, अन् पपई एक चमचा. एकच! जाळीवर ठिवून निवांत वाफवलं. चिंच-गुळाचा दाट पाक करून त्यात तिखट घातलं, चापांना फासलं. मग पापड भाजायची जाळी गॅसवर ठिवली अन् तिच्यावर चाप उलटसुलट, गूळ चरचरून काळपट होईपर्यंत. शेवटी धुरी. ह्या टायमाला निखारा परत दिला न्हाई!

बाबा आले, आई आली. तात्या खुर्ची टाकून जजसारखे बसले.

मी ताट पुढं केलं. "तात्या, गार झाले की मजा जाती."

"मग बघत काय राहिलीश? आण इकडं शगळं!"

अस्मानं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं बघितलं.

तात्यांनी चाप उचलला, ओठात धरला, नुसता ओढला. मटण तोंडात अन् हाड हातात! दुसरा उचलला. तिसरा. ताटाच्या कडंला हाडांचा ढीग झाला, तवा तात्यांनी बोटं चाटली, मिशी पुसली अन् निकाल दिला.

"शाफ कच्चं! नांदेडची शर न्हाई. ग्रिलशिवाय रिब्ज होतच नशत्यात. इतकं कडक, इतकं कडक, की माझे दात दुखायला लागले!"

मी कुर्त्याच्या खिशातून तात्यांची डबी काढली. झाकण उघडून त्यांच्या ताटात, हाडांच्या शेजारी ठिवली.

"हेच दुखून राहिले का, तात्या?"

तात्यांनी डबीत बघितलं. तोंडातल्या तोंडात जीभ एकदा इकडून तिकडं फिरवली. बाबा एकदम पाण्याच्या टाकीकडं तोंड करून उभारले, त्यांचे खांदे नुसते हलून राहिलेले.

तात्यांनी डबीचं झाकण लावलं. डबी खिशात घातली. ताटातला शेवटचा चाप उचलला, सावकाश चोखला, हाड ढिगावर ठिवलं.

मग माझ्याकडं न बघताच म्हणले,

"पिंके, लातूरची एश्टी शकाळी किती वाजता अशती ग?"