जेवणाच्या खोलीतलं इनिशबेल

फेस्टी मलकेरिनची सून फिडेल्मा मोठी हौशी. मागचा गोठा पाडून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या, तेव्हा जेवणाच्या खोलीची भिंत तिला ओकीबोकी वाटायला लागली. एका शनिवारी ती गॉलवे शहरातून दाराएवढा फोटो घेऊन आली. जुना, काळापांढरा. बिनछपरांच्या घरांची रांग, मधून गवत माजलेली वाट, मागे समुद्र. समोरचंच इनिशबेल बेट, माणसं उठून गेल्यानंतर कुणीतरी टिपलेलं.

"फेस्टी, ओळखा बघू!"

"ओळखलं," म्हातारा म्हणाला आणि चहा ढवळत राहिला. साखर कधीच विरघळली होती.

डावीकडचं तिसरं घर त्याचं होतं.

उन्हाळा आला तसे पाहुणे आले. सकाळी अंडी आणि रॅशर्सच्या, म्हणजे तळलेल्या बेकनच्या, ताटासमोर बसून ते भिंतीकडे बघायचे आणि म्हणायचे, किती सुंदर, किती शांत! स्वयंपाकघरातून फिडेल्मा ओरडायची, "आमचे सासरे तिथलेच हो!" मग साऱ्या माना फेस्टीकडे वळायच्या. गाव त्या जुन्या, बटाट्याच्या दुष्काळात ओस पडलं का? नाही हो, तो फार आधीचा, आमच्या घरात रेडिओ होता. मग सोडलं का? डॉक्टर नव्हता, शाळा बंद झाली, हिवाळ्यात होडी लागायची नाही. परत कधी गेलात? नाही.

सुरुवातीला तो आठवून आठवून सांगायचा. पुढे पुढे तीच वाक्यं त्याच क्रमानं तोंडातून यायला लागली. बेटाकडे पोहत परत निघालेल्या गाढवाचा किस्सासुद्धा. लोक हसायचे आणि तो आपला पाव खायचा. नाश्ता आटोपला की त्याला दिवसभर दलदलीतून जळणाचं पीट उपसल्यासारखा शिणवटा यायचा. पण सुनेचा धंदा होता, म्हणून काही बोलायचा नाही. खुर्ची मात्र त्यानं फिरवून घेतली होती, फोटोकडे पाठ येईल अशी.

शरदात बॉस्टनहून त्याची बहीण डेलिया आली. ती बेटावरून गेली तेव्हा सगळ्या घरांतून धूर निघत होता. आता काठी टेकत खोलीत आली, फोटोसमोर थबकली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"अरे फेस्टी, आपलं घर! वाऱ्यानं काय दशा केली बघ रे."

"वाऱ्यानं नाही," तो पाठमोराच म्हणाला. "छप्पर मी उतरवलं."

"तू?"

"इकडे झाड तरी आहे का कुठे? गोठ्याला तुळया लागत होत्या. होडीतून आणल्या."

डेलिया खुर्ची ओढून बसली. "आणि माय?"

"होती की तिथेच. कुंपणाच्या भिंतीवर बसली होती. मी खिळे काढून देत होतो आणि ती दगडावर ठोकून सरळ करत होती. संध्याकाळपर्यंत. 'हा वाकलाय, पण चालेल,' म्हणायची. दुसरं काही बोलली नाही."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? तू विचारायचीस, घर कसं आहे. मी म्हणायचो, आहे."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात फिडेल्मा हातात किटली घेऊन तशीच उभी होती.

डेलियानं विचारलं, "मग त्या तुळया कुठायत? हात तरी लावते."

"गोठ्याबरोबर गेल्या. कीड लागली होती. पोरानं, कोलमननं, चुलीत घातल्या."

"जळल्या कशा?"

"चांगल्या जळल्या. जुनं लाकूड."

डेलियाला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. "मेल्या, मी समुद्र ओलांडून आले आणि तू म्हणतोस चांगल्या जळल्या!" फेस्टीलाही हसू आलं, पण ओठांपर्यंत येऊन थांबलं. त्यानं पावाला लोणी लावून तिच्यापुढे सरकवलं. ती त्याच्या शेजारी येऊन बसली, त्याच्यासारखीच फोटोकडे पाठ करून. बेटावर जायचं तिनं ठरवलं होतं, होडीवाल्याशी बोलणंही झालं होतं. ती गेली नाही. "गुडघे दुखतात," एवढंच म्हणाली.

ती परतल्यावर एका सकाळी फिडेल्मा स्टूल घेऊन भिंतीपाशी आली. "काढते हा. मला ठाऊक असतं तर आणलाच नसता."

"राहू दे," फेस्टी म्हणाला. "लोकांना आवडतो. तुझी चूक नाही, पोरी. मला तेवढं स्वयंपाकघरात खाऊ दे."

तेव्हापासून तो चुलीजवळच्या लहान टेबलाशी बसतो. पलीकडून कुणीतरी विचारतं, या गावातलं कुणी हयात आहे का हो? फिडेल्मा काळ्या पुडिंगचे, रक्ताच्या सॉसेजचे काप परतत म्हणते, "चहा आणखी आणू का?" फेस्टी अंड्याचं टरफल सोलत असतो. कान आताशा कमी झालेत त्याचे, पण हे ऐकू येतं. तो मान वर करत नाही.