चोथ्याचा वास

शहरातल्या जुन्या बिअरच्या कारखान्यात आता संग्रहालय झालंय. भिंतीवर मालकांच्या चार पिढ्यांच्या तसबिरी आणि खाली एक बटण: 'इतिहासाचा सुगंध घ्या.' माझ्या पुढची बाई बटण दाबून, डोळे मिटून म्हणाली, "अहाहा!"

माझे अण्णा इथे बार्लीचा चोथा उपसायचे. सदऱ्याला आंबूस वास यायचा, म्हणून तो दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवूनच ते घरात यायचे. तरी वर्गात माझ्याशेजारी कुणी बसायचं नाही. "शी, चोथेवाली!" म्हणायच्या मुली.

मी बटण दाबलं. व्हॅनिलाचा गोडमिट्ट फवारा आला आणि मला शिसारी आली. जन्मभर ज्या वासाची लाज बाळगली, तो आज मी नाक पुढे करून शोधत होते. मेल्यांनो, निदान वास तरी आमचा ठेवायचात!