कोऱ्या कापडातली भेट

दादा गेला त्याला आता महिना होत आला. भाच्याचा फोन आला तेव्हा मी भिवंडीत माझ्या नारपोलीच्या घरी दादासाठीच घेतलेली शाल कापडात बांधत होते... गाठ अर्धीच राहिली.

माझा दादा जवळच्याच कशेळी गावचा. आमच्या वडिलांच्या जमिनीच्या आजूबाजूला गोदामं उठली आणि दादाचा माणसांवरचा विश्वासही उठला. दिवाळीला जमिनीचे दलाल चकचकीत कागदातले डबे घेऊन यायचे. दादा ते बाहेर ओट्यावरच ठेवायचा. "एवढा नटवलाय, म्हंजे सही पायजे आसंल!" एका भाऊबीजेला मी हौसेनं सोनेरी कागदात घड्याळ बांधून नेलं, वर रिबिनीचं फूलही लावलं. दादानं ते उचललं आणि दलालांच्या डब्यांशेजारी नेऊन ठेवलं. मी म्हटलं, "अरे, मी बहीण हाय तुझी!" तर म्हणतो कसा, "बहिणीचा पन हिस्सा असतो गो." परतताना रिक्षात डोळ्यांचं पाणी काही थांबेना. जमीन मी कधी मागितली नव्हती. पण यानं मला त्या रांगेत बसवलं, ते काही गिळवेना.

पुढच्या वर्षी शेजारच्या लूमवरून कोरं, रंग न चढलेलं कापड आणलं. मध्ये वस्तू ठेवली, चारी टोकं वर घेतली, एक गाठ. बस! पुरुषमाणसाला काही द्यायचं तर असंच द्यावं, असं मला तेव्हापासून वाटतं. रिबीन नको, फूल नको. आत काय आहे ते हाताला कळावं, आणि चारचौघांत खूश झाल्याचं तोंड करायला लागू नये. दादानं गाठोडं दाबून बघितलं, हलवलं, नाकालाही लावलं.

"कागद न्हाय ना आत?"

"बनियनी हायत रे बाबा, दोन!"

वहिनी तोंडाला पदर लावून हसली. दादानं गाठोडं घरात नेलं.

मग दर भाऊबीजेला तेच. पण माझ्या मनात किडा होताच. हा गाठोडं आत नेतो ते माझं म्हणून, की चाचपून खात्री झाली म्हणून? विचारलं कधी नाही. विचारलं असतं तर त्यातही त्याला कसला तरी वास आला असता.

दिवसकार्य आटोपल्यावर वहिनीनं मला आतल्या खोलीत नेऊन कपाट उघडलं. जमिनीचे सगळे कागद, एकेका शेताचे वेगळे, माझ्या त्या कापडांत बांधून ठेवलेले! "किल्ली पोराला पन देत नव्हते," वहिनी म्हणाली.

आता मीही त्याचीच बहीण. म्हटलं, "कापड टिकतं ना ते, म्हणून आसंल."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "वन्स, भिवंडीत कापडाला काय तोटा? एकदा मी दुसरं फडकं काढलं, तर म्हणाले, ते नको. तिचं आन."

मी कपाटाला धरून आत वाकले... कोऱ्या कापडाला खळीचा एक वास असतो. तो तिथं आतपर्यंत भरला होता.