माडीवर चढवलेलं जातं

करमाळ्याहून पत्र आलं तेव्हा मी ज्वारी निवडत होते. यांनी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि म्हणाले, "अक्का गेली." अक्का म्हणजे यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. शेवटची दोन वर्षं त्या तिथे सासरच्या पुतणीकडे होत्या. आज महिना झाला. मी चौथी शिकलेली, चारचौघांत तोंड उघडत नाही... पण मनात आहे ते या वहीत लिहून ठेवते.

ऐन पंचविशीत कपाळ पांढरं होऊन त्या माहेरी आल्या. दिवसभर मुकाट असायच्या. आवाज ऐकू यायचा तो पहाटे, जात्यावर. मी समोर बसून खुंट्याला हात लावायची. ओवी त्यांनी उचलायची, मागून मी म्हणायची. असा आवाज मी पुन्हा ऐकला नाही.

धाकट्या भाऊजींना तारांचं वेड. सरकारी परवाना काढून त्यांनी आमच्या माडीवर इवलंसं रेडिओ केंद्र उभं केलं. आवाज दोन-चार पेठांपलीकडे जात नसे, पण नवी पेठेत एका कापडवाल्यानं दुकानाबाहेर कर्णा लावला होता आणि संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसायची. बाजारभाव, पोथी, कुणाची पेटी... सगळे पुरुषच. भाऊजींनी हट्ट धरला, आमच्या अक्काच्या ओव्या लावायच्या. मामंजी कडाडले, "घरातल्या बाईचा आवाज बाजारात?" तेव्हा कधी उलटून न बोलणाऱ्या वन्सं खाली मान घालून म्हणाल्या, "एकदा म्हणू द्या की, आबा." मामंजींनी पगडी काढून ठेवली. मग म्हणाले, "एकदाच. हसं झालं, तर पुन्हा त्या माडीचं नाव काढायचं नाही."

ठरल्या दिवशी दुपारी भाऊजींनी तालीम घेतली. वन्संना त्या माइकसमोर उभं केलं आणि... शब्दच फुटेना. घसा खाकरला, पाणी प्याल्या, छे! भाऊजी रडकुंडीला आले. "अगं अक्का, रोज म्हणतेस की!" वन्सं म्हणाल्या, "हात रिकामा असला की ओवी येत नाही रे. जातं वर आण."

"जातं? आणि त्याची घरघर?"

"ऐकू दे की लोकांना. पीठ काय मुक्यानं पडतं?"

दोघा भावांनी जात्याच्या दोन्ही दगडी तळ्या एकेक करून जिन्यानं वर नेल्या. माडी हादरू नये म्हणून खाली गोधड्या घातल्या. भाऊजींनी घाईत रिकामंच जातं फिरवून पाहिलं, तर दगडाला दगड घासून असं किंचाळलं की त्यांनी कानांवर हात ठेवले. वन्संना हसू आवरेना. "शहाण्या, दाणे घाल आधी!" सुपात ज्वारी आली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "समोर कोण बसणार? ये गं." मी पदर खोचला. समोर बसून खुंटा धरला.

संध्याकाळी जातं फिरलं आणि वन्संनी तिथल्या तिथे ओवी रचली:

भावानं माझ्या बाई, तार ताणली अंबरी
मी गं बसले जात्यापाशी, ओवी फिरे घरोघरी

अर्धा तास त्या थांबल्या नाहीत. मीही मागे राहिले नाही, माइक समोर आहे हे विसरूनच गेले होते.

मामंजी जेवायच्या वेळेला घरी आले. कुणाला न सांगता ते नवी पेठेत जाऊन कर्ण्याखाली उभे राहिले होते. धुण्याची बोचकी घेऊन चाललेल्या बाया थांबून ओव्या म्हणायला लागल्या, म्हणाले. कापडवाल्यानं विचारलं, कुणाच्या घरच्या या? "मी सांगितलं, एक माझी लेक, दुसरी सून." एवढं बोलून ते पाटावर बसले. त्या ताज्या पिठाच्या चार भाकरी खाल्ल्या आणि वन्संना म्हणाले, "पुढच्या बुधवारी कोणत्या म्हणणार?"

पुढं दर बुधवारी जातं बोललं, परवाना संपेपर्यंत. बायका देवळात भेटल्या की वन्संना अडवून नव्या ओव्या मागायच्या. त्या ताठ मानेनं द्यायच्या.

त्या करमाळ्याला गेल्यापासून जातं मुकंच फिरत होतं; आज पहाटे मी दळायला बसले. समोर भाऊजींची बायको. तिनं हळूच विचारलं, "आता ओवी उचलायची कुणी?"

"मी," म्हणाले, आणि उचलली.