साडभाऊंच्या मागचा पडदा

माझ्या सासऱ्यांच्या घरी टीव्हीच्या वर एक मोठा फोटो टांगलेला आहे. साडभाऊंच्या मुलीच्या लग्नातला. सासरची झाडून सगळी माणसं त्यात आहेत. माझी बायको आहे, साळे आहेत, कोणाच्या तरी कडेवर रडणारं एक पोरगंही आहे. मीही आहे. उजव्या काठाला, जरा वर, एका काळ्या दांडीभोवती आवळलेला अंगठा दिसतो. तो मी.

चामोर्शीत माझा फोटो स्टुडिओ. घरचं लग्न, म्हणजे काम आपल्याकडेच येणार असं धरून मी नवा शर्ट घातला आणि कॅमेऱ्याची बॅग घेऊन चंद्रपूरच्या लग्नाच्या लॉनवर पोचलो. तिथं नागपूरचा फोटोग्राफर आधीच पाय रोवून उभा होता. फ्लॅशवरची त्याची पांढरी छत्री कूलरच्या वाऱ्यानं सारखी कोलमडत होती. साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, सरकारी कचेरीतले मोठे बाबू. मला पाहताच त्यांचा चेहरा उजळला.

"बरा आला बापा. तू त याच लायनीतला. हे छत्री जरा धरून राह्य."

मी धरली. सगळी सासुरवाडी एकेक करून माझ्यासमोर येऊन हसली, फोटो काढून जेवायला गेली. जाताना प्रत्येकजण विचारत होता, "काऊन जवाईबापू, तुमी नाई येत फोटोत?" शेवटी सगळ्या कुटुंबाचा फोटो निघाला तेव्हाही मी छत्रीच धरून होतो. परतताना मोटारसायकलवर मी बायकोला म्हणालो, "याचा बदला घेतल्याशिवाय राहणार नाही." ती मागून म्हणाली, "घ्या ना. पन आधी गाडी वळवा, मूल गावाचा फाटा मांगं गेला."

पुढं चार पावसाळे मी तो राग जपला. लोक लोणचं जपतात तसा, मधून मधून बरणी हलवून. सासरी गेलो की पहिलं लक्ष अंगठ्याकडे जायचं.

मग साडभाऊ रिटायर झाले. त्यांच्या गावी, म्हणजे चामोर्शीपासून जवळच, सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, जेवण आणि त्यानंतर जोडप्याचा आणि साऱ्या गोतावळ्याचा बैठा फोटो. नागपूरच्या फोटोग्राफरची तारीख दुसरीकडे लागलेली होती. म्हणून साडभाऊ स्वतः माझ्या स्टुडिओत आले, खुर्ची रुमालानं झटकली आणि बसले.

"मांगं काय लावशील?"

मी निळा पडदा सोडला.

"हा त आधार कार्डाचा होय."

मग करडा सोडला. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठी करडाच बरोबर होता. पांढरे केस, अंगावर गडद शाल, मागं शांत करडं कापड, म्हणजे माणसाचा चेहरा वर येतो. मी तसं सांगितलंही.

"मी रिटायर होऊन राह्यलो, मेलो नाई अजून."

शेवटी मी धबधब्याचा काढला, ज्यात दोन बदकं पोहतात. त्यांनी बराच वेळ पाहिलं. "याच्यापुढं बसलो त दर पाच मिनिटानं उठा लागंल," ते म्हणाले. "भारी काही नाई का तुह्याजवळ? राजासारखा? लोकायनं पाहतच राह्यलं पाहिजे."

लोकांनी पाहत राहिलं पाहिजे, हे त्यांच्याच तोंडून निघालं. माझ्या मनात बरणीचं झाकण आपोआप उघडलं.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीपासून नाटकांचा हंगाम असतो. वडसा गावच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात आणि एखादं नाटक चाललं की ते पाहिलेलं नाही असं घर सापडत नाही. त्या वर्षी एका नाटकानं धुमाकूळ घातला होता. त्यात एक मालगुजार, म्हणजे गावाचा जमीनदार होता, अत्यंत हलकट. सिंहासनासारख्या खुर्चीवर बसून तो गावाला सांगायचा, "तळं माझं, मासोळी माझी, काटा तेवढा तुझा." शेवटच्या अंकात त्याच खुर्चीवर त्याला गावातल्या बायका चपलांनी बडवायच्या. आणि हे सगळं घडायचं ज्या पडद्यापुढं, तो दरबाराचा पडदा सगळ्या तालुक्याला पाठ होता. लाल खांब, हसरे दोन सिंह, त्यातल्या एकाचे डोळे तिरळे, वर झालरीचं छत्र आणि बाजूनं खाली उतरलेली त्याची जाड सोनेरी दांडी.

साडभाऊंना मात्र यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ते चंद्रपूरला राहत आणि नाटक हे गावंढ्या लोकांचं काम समजत.

त्या कंपनीच्या जाहिरातींचे फोटो मीच काढतो. हंगाम संपला होता, पडदा बांबूला गुंडाळून पडला होता. मॅनेजरनं लगेच दिला. मी तो अंगणात पसरून पाहिला, तर बायको तांदूळ निवडता निवडता थांबली.

"हा त मालगुजाराचा पडदा होय."

"हळू बोल."

"भाऊजीले माईत हाय?"

"त्यायले राजासारखा पाहिजे होता."

ती सूप बाजूला ठेवून हसत सुटली. नको म्हणाली नाही, हे इथं नमूद करून ठेवतो.

सत्काराच्या दिवशी मी सकाळीच समाजमंदिरात जाऊन पडदा बांधला. सिंह नेमका दिसेल अशी खुर्ची मांडली. एवढं मन लावून मी कधी कोणाच्या लग्नाचंही काम केलं नव्हतं. साडभाऊ आले, त्यांनी पडदा वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली. "आता समजला तू." मी नम्रपणे मान खाली घातली, कारण वर ठेवली असती तर हसू फुटलं असतं.

शाल घालून ते खुर्चीवर बसले. समोर गाव बसलं होतं. आधी मागच्या रांगेतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. मग एक म्हातारा सरळ उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मालगुजार, मासोळी कोनाची जी?"

सगळं समाजमंदिर हसत सुटलं. मी कॅमेऱ्यामागे डोळा लावून वाट पाहत होतो. आता हा माणूस लाल होणार, मग काळानिळा होणार आणि तो रंग मी टिपणार. साडभाऊंनी शेजारी बसलेल्या सरपंचाला विचारलं. सरपंचानं त्यांच्या कानाला लागून सगळं सांगितलं, अगदी चपलांसकट.

साडभाऊ खुर्चीत मागं रेलून बसले. मग मिशीवरून हात फिरवून म्हाताऱ्याकडे पाहत म्हणाले, "तळं माझं, मासोळी माझी. काटा तुले पाहिजे का नाई ते सांग."

टाळ्या थांबेनात. मी एक गोष्ट विसरलो होतो. त्या नाटकातल्या नायकाचं नाव कोणाला आठवत नव्हतं, पण मालगुजार झालेला नट गावात आला की पोरं त्याच्या गाडीमागे धावायची. बायकांनी रांग लावली. हातात चप्पल उगारून साडभाऊंसोबत फोटो काढून घेतले. त्यात माझी बायकोही होती आणि तिची चप्पल जरा जास्तच जवळ होती. ज्या माणसापुढं कचेरीत लोक टाचा उचलून चालायचे, तो पोट धरून हसत होता. म्हातारा जाता जाता मला म्हणाला, "एवढा मजेदार मानूस हाय, आमाले मालूमच नोहोतं." मी एकेक फोटो काढत गेलो आणि प्रत्येक फोटोत माझा शत्रू अधिकच देखणा येत होता.

शेवटी गोतावळ्याचा फोटो. सासरे म्हणाले, "यावेळी जवाई पायजे." साडभाऊ म्हणाले, "हो हो, ये. त्या मशिनीले आपोआप काढाले लाव." मी टायमर लावला आणि धावलो. जागा एकच उरली होती, खुर्चीच्या मागं, अगदी पडद्याला लागून. तेवढ्यात कूलरचा वारा लागून कापड फडफडलं. पडदा हलला की फोटो गेला, ही धंद्याची सवय. मी हात वर करून कापड मुठीत घट्ट पकडलं. कॅमेरा वाजला.

संध्याकाळी स्टुडिओत तो फोटो मोठा करून पाहिला आणि खुर्चीत बसलो. मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की डोक्यामागून खांब निघत नाही ना, ते आधी पाहा. खांब मी पाहिले होते. छत्राची दांडी नव्हती पाहिली. माझी मूठ नेमकी त्या सोनेरी दांडीवर आवळलेली होती. सिंहासनावर साडभाऊ, वर झालरीचं छत्र आणि मागं ते धरून उभा मी, नव्या शर्टात. यावेळी अंगठा नव्हता, पूर्ण माणूस होता. आणि पडदा मीच निवडून आणला होता.

फोटो बिघडला असं सांगायची सोय नव्हती, कारण साडभाऊंनी कॅमेऱ्यावरच पाहून घेतला होता आणि मोठ्यात मोठा मागितला होता. आता तो सासरी पहिल्याच्या शेजारी टांगलेला आहे. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, "पाहा, आमचे धाकटे जवाई. मोठ्यायची लय सेवा करते."

छापायच्या आधी मी कॉम्प्युटरवर ती दांडी पुसून पाहिली होती. छत्रही पुसलं. दोन्ही गेल्यावर उरली ती फक्त माझी वर उगारलेली मूठ, साडभाऊंच्या डोक्याच्या बरोबर वर. खाली ते डोळे मिटून हसताहेत आणि मूठ येतेय हे त्यांना ठाऊक नाही. तो फोटो मी कोणाला दिला नाही. दुकानाच्या कॉम्प्युटरवर समोरच लावून ठेवला आहे. सकाळी शटर उघडलं की आधी तो पाहतो, मग कामाला लागतो.