दादाच्या घरात मतदान नव्हतं

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गढ्याच्या बाजारात भाजी घेत होते. "माया, दादा गेले," एवढंच ती म्हणाली... आणि खरं सांगते, रडू यायच्या आधी मला दादाचा राग आला. महिना होऊन गेला, अजून तो ओसरलेला नाही.

दादा तरुणपणी शिष्यवृत्तीवर अमेरिकेतल्या एका छोट्याशा क्वेकर कॉलेजात शिकला. क्वेकर हा ख्रिस्ती लोकांतला एक पंथ, प्रार्थनेलाही गप्प बसणारा. त्या कॉलेजात म्हणे हात मोजून काही ठरतच नसे. सगळे आधी शांत बसायचे, मग बोलायचे, आणि एकाचीही मनापासून हरकत असली तर काम थांबायचं. लोक तिकडून काय काय आणतात, आमच्या दादानं हे आणलं! इथे आमच्या शहरात, राइट टाउन भागातल्या त्याच्या घरी फ्रिज यायला आठ महिने लागले, कारण त्याचा मुलगा आशिष लाल रंगावर अडून बसला होता. या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीतही दादा आधी सगळ्यांना गप्प बसवायचा. "सरजी, कौन गुज़र गया?" असं कुणीतरी विचारायचंच, आणि सगळ्यात मोठ्यानं दादाच हसायचा.

डॉक्टरांनी हृदयाचं ऑपरेशन लवकर करा म्हटलं, तेव्हाही त्यानं आम्हाला हॉलमध्ये बसवलं. पाच मिनिटं आम्ही पंख्याची घरघर ऐकली. वहिनी हो म्हणाली, आशिष हो म्हणाला. मला भीती वाटत होती. "नागपूरला एकदा दाखवून घेऊ न दादा, घाई काहून करून राहिला?" मी बोलून गेले. मी घरातलं शेंडेफळ, माझं आजवर कुणी काही ऐकलं नव्हतं. हेही उडवून लावतील असंच वाटलं.

"चलो, मग आज ठरलं नाही," दादा म्हणाला. वहिनी चिडली, आशिषनं हात जोडले, पण तो ढिम्म. दुसऱ्या दिवशी मीच फोन केला, "माझी हरकत नाही, तू करून घे." तर म्हणतो, "तू घाबरून हो म्हणून राहिली. नागपूरला जाऊन येऊ, मग मनापासून सांग." नागपूरची तारीख यायच्या आधीच तो गेला. अरे, जीव तुझा होता ना! माझ्या एका 'नाही'ला एवढं मोल द्यायला तुला सांगितलं होतं कुणी?

परवा वहिनीनं बोलावलं. दादाची खोली नातीला अभ्यासाला द्यायची होती. चपला काढता काढताच मी म्हणाले, "माझं हो आहे." "अजून विचारलं कुठे?" म्हणत तिनं मला बसवलं. आशिष, वहिनी आणि मी गप्प बसलो. त्या शांततेत मला स्वच्छ कळलं, ती खोली रिकामी करायला माझं मन मुळीच तयार नाही... वहिनीनं विचारलं, "माया?"

मी पुन्हा हो म्हणाले. ते खोटं आहे हे ओळखणारं घरात आता कुणी नव्हतं.